उलथन्यापासून लॉर्डसभेपर्यंत

लॉर्ड म्हटलं की आपल्याला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातली नावं आठवतात. डलहौसी, रिपन, कर्झन. प्रत्येकाच्या पुढे ‘कारकिर्दीतील सुधारणा लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न. सांगलीहून लग्न होऊन मी इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात आले तेव्हा माझ्या डोक्यातला लॉर्ड तोच होता, तैलचित्रातला, छातीवर पदकं मिरवणारा. पुढे टाइन नदीकाठच्या एका कौन्सिलात समित्यांचं कामकाज लिहून घेण्याची नोकरी लागली. निवृत्त झाल्यावर एका पक्षाची पत्रकं वाटू लागले. त्या सगळ्या काळात कळत गेलं की आजच्या लॉर्डांपैकी बरेच जण कचऱ्याच्या गाड्या, गळकी छपरं आणि शाळेच्या बसचे मार्ग यांच्यावरच्या बैठकांमधून वर गेलेले असतात.

माझ्या डोळ्यांपुढचं ठळक उदाहरण न्यूकॅसलच्या जेरेमी बीचम यांचं. जन्म १९४४चा, शिक्षण ऑक्सफर्डला, व्यवसाय वकिलीचा, पक्ष मजूर. १९६७ साली बाविसाव्या वर्षी ते बेनवेल वॉर्डातून नगरसेवक झाले. १९७७ ते १९९४ शहराच्या कौन्सिलचे नेते. १९९४मध्ये ‘सर’, २०१०मध्ये लॉर्ड. माझी त्यांची ओळख नाही. माझी नोकरी शेजारच्या गावातली. पण शेजारच्या गावात काय शिजतं ते कौन्सिलातल्या कारकुनाला आपल्या गावापेक्षा जास्त कळतं. त्यांच्याकडे आणि त्यांच्यासारख्या इतरांकडे पाहून जे ध्यानात राहिलं ते इथे लिहिते.

१. सुरुवात उलथन्यापासून होते

इथल्या घरांच्या दारांना टपालासाठी आडवी फट असते. फटीला स्प्रिंगचं झाकण, झाकणाच्या आत दाट ब्रश, आणि पुष्कळदा ब्रशच्या पलीकडे कुत्रा. पत्रक ढकलताना बोटं आत गेली की आधी झाकण चावतं, मग कुत्रा. म्हणून मुरलेले कार्यकर्ते खिशात लाकडी उलथनं ठेवतात. त्याच्यावर पत्रक धरायचं, आत सारायचं, पुढचं दार. राजकारणात मला आलेलं पहिलं कौशल्य हे, आणि त्यासाठी वेगळं शिकावं लागलं नाही.

कौन्सिलची निवडणूक मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असते, म्हणजे प्रचार फेब्रुवारी-मार्चच्या पावसात. कर्णे नाहीत, कमानी नाहीत, मिरवणूक नाही. खर्चाची मर्यादा इतकी आवळलेली की एका वॉर्डाला हजार-दोन हजार पौंडांच्या पलीकडे जाताच येत नाही. उमेदवार स्वतः दार ठोठावतो आणि पायरीवर भिजत उभा राहून ‘तुमच्या गल्लीत काही अडचण?’ असं विचारतो. मतदानाला येतात शंभरातले तीस-पस्तीस, त्यामुळे दोन-चारशे घरांनी तोंड ओळखलं की निकाल फिरतो. दार न ठोठावता, केवळ पक्षाच्या लाटेवर निवडून आलेले मी पाहिले आहेत. लाट ओसरली की त्यांचं नाव यादीत शोधावं लागतं.

२. शनिवारच्या खुर्चीत बसायला शिका

नगरसेवक लोकांना भेटतो त्या वेळेला इथे सर्जरी म्हणतात. शनिवारी सकाळी वॉर्डातली लायब्ररी किंवा चर्चचा हॉल, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, आणि येईल तो. भिंतीला आलेली काळी बुरशी. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं. म्हाताऱ्या आईला आंघोळ घालायला येणारी बाई पंधरा मिनिटांत निघून जाते ही तक्रार. भावाला मिळालेली शाळा बहिणीला का नाही. यांतल्या निम्म्या गोष्टी नगरसेवकाच्या हातात नसतात, आणि जो हे तोंडावर सांगतो त्याच्याकडेच लोक पुन्हा येतात. ‘बघतो’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा कुणी येत नाही. हे मला माणसांच्या वर्तनातलं मोठं कोडं वाटत आलं आहे.

बेनवेल हा सोपा वॉर्ड नव्हे. टाइनच्या उत्तर काठावरचा उतार, खाली स्कॉट्सवुड रोड. याच रस्त्यावर व्हिकर्स-आर्मस्ट्राँगचे प्रचंड कारखाने होते. तोफा आणि रणगाडे बनायचे. बीचम निवडून आले तेव्हा उतरती कळा लागली होती आणि पुढच्या दोन दशकांत कारखान्यांबरोबर नोकऱ्याही गेल्या. १९९१च्या सप्टेंबरात शहराच्या या पश्चिम भागात दंगल झाली, इमारती जळल्या. त्या वेळी कौन्सिलचे नेते तेच आणि वॉर्डाचे नगरसेवकही तेच. शहराचा नेता म्हणून वार्ताहरांना उत्तरं द्यायची आणि वॉर्डाचा माणूस म्हणून त्याच गल्लीतल्या लोकांपुढे बसायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या वाट्याला. आपल्याकडे महापौर झाला की प्रभाग विसरायची सोय असते. इथे दर चार वर्षांनी त्याच पायऱ्यांवर भिजावं लागतं.

३. जोडपत्र वाचणारा माणूस ओळखा

हा धडा माझ्या नोकरीतला, त्यामुळे थोडं रेंगाळते.

समितीची बैठक असली की कायद्यानं पाच पूर्ण दिवस आधी कागद सदस्यांकडे आणि जनतेकडे जायला हवेत. गठ्ठा जाडजूड. वर कार्यक्रमपत्रिका, मग अधिकाऱ्यांचे अहवाल, मग जोडपत्रं. अहवालाचा सारांश नेहमी गोड असतो. खरी गोष्ट बहुधा जोडपत्र ‘क’मधल्या तक्त्यात असते: कुठला वृद्धाश्रम बंद होणार, कुठल्या रस्त्यावरचे दिवे रात्री बारानंतर मालवणार. मी कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायचे आणि समोरच्यांचे कागद बघायचे. काहींचे लिफाफे बैठकीतच फुटायचे. काहींच्या गठ्ठ्यातून रंगीत चिठ्ठ्या बाहेर डोकावत असायच्या. अधिकाऱ्यांना भीती असते ती चिठ्ठ्यावाल्यांची, आवाज चढवणाऱ्यांची नाही. एक वयस्कर नगरसेविका तर प्रश्न विचारण्याआधी नुसता पान क्रमांक सांगायची आणि थांबायची. वित्त अधिकारी तेवढ्यातच पाणी प्यायचा.

लॉर्डसभेत नेमका हाच गुण उपयोगी पडतो, हे मला निवृत्तीनंतर तिथलं कामकाज घरी बसून पाहताना उमगलं. खालच्या सभागृहात कुठल्या दुरुस्त्यांवर चर्चा व्हायची ते सभापती निवडतो आणि सरकार वेळेची कात्री लावतं. लॉर्डसभेत दुरुस्त्यांची अशी निवड होत नाही. सदस्यानं दिलेली प्रत्येक दुरुस्ती चर्चेला येऊ शकते, एकेक कलम, एकेक ओळ. त्यामुळे ‘करू शकेल’च्या जागी ‘करील’ असावं की नाही यावर तासभर बोलणं चालू असतं. झोप येते. पण त्या एका क्रियापदावर कौन्सिलला घरं बांधावी लागतील की टाळता येतील हे ठरतं.

२०१६चा गृहनिर्माण आणि नियोजन कायदा घ्या. त्यात अशी तरतूद होती की कौन्सिलच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचं उत्पन्न लंडनबाहेर वर्षाला ३१ हजार पौंडांच्या वर गेलं तर त्यांनी बाजारभावाच्या जवळ जाणारं भाडं भरावं. ३१ हजार ऐकायला मोठे वाटतात. पण ते एका माणसाचे नव्हेत, घराचे. नवरा बस चालवतो, बायको दुकानात उभी राहते, झाले एकतीस. दुसरी तरतूद अशी की महाग कौन्सिल-घरं रिकामी झाली की विकावीत आणि त्या हिशेबानं सरकारला पैसे द्यावेत. बीचम तेव्हा मजूर पक्षाच्या पुढच्या बाकावरून या विधेयकावर बोलत होते. त्यांच्या बाजूचे रॉय केनेडी हेही लंडनच्या सदर्क कौन्सिलात घडलेले. कौन्सिलच्या घरांचं भाडं कसं ठरतं, थकबाकी कशी साचते, रिकामं घर पुन्हा द्यायला किती आठवडे लागतात, हे ज्यांनी समितीत बसून पाहिलं होतं तेच तिथे कलमागून कलम सोलत होते. कायदा मे २०१६मध्ये झाला खरा. पण जादा भाड्याची सक्ती सरकारनं त्याच वर्षी नोव्हेंबरात सोडून दिली, आणि घरं विकायला लावण्याचा बेत २०१८मध्ये गुंडाळला. सगळं श्रेय लॉर्डसभेचं असं मी म्हणणार नाही. भाडेकरूंनी आणि कौन्सिलांनीही रान उठवलं होतं. तरी ‘हे चालणार नाही, आणि का चालणार नाही ते पान अमुकवर पाहा’ असं सांगणारी माणसं सभागृहात बसलेली असणं, याला किंमत आहेच.

४. वरचं सभागृह लांब आहे असं समजू नका

मी नोकरीला लागले त्या सुमाराला पोल टॅक्स आला. घरावरचा कर काढून डोक्यावरचा कर. उमराव आणि त्याचा माळी एकाच कौन्सिलात राहत असतील तर दोघांना सारखाच. १९८८मध्ये विधेयक लॉर्डसभेत असताना लॉर्ड चेलवुड या सत्ताधारी पक्षाच्याच सदस्यानं दुरुस्ती मांडली की कर ऐपतीप्रमाणे असावा. २३ मे रोजी मतदान झालं. एरवी लंडनला न फिरकणारे वंशपरंपरेचे लॉर्ड गावोगावच्या वाड्यांमधून गोळा करून आणले गेले आणि दुरुस्ती ३१७ विरुद्ध १८३ मतांनी पडली. ज्यांनी ती पाडली त्यांना तो कर कधी वसूल करायचा नव्हता. वसूल करायचा होता कौन्सिलांना.

इंग्लंडात तो १९९० साली लागू झाला. कौन्सिलच्या खिडकीपुढे मी तेव्हा पाहिलेल्या रांगा विसरणं शक्य नाही. एका खोलीत राहणारी विधवा आणि तिची दोन कमावती मुलं, तीन बिलं. करातून सुटायला लोकांनी मतदारयादीतून नावंच काढून घेतली. त्या मार्चच्या शेवटी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, नोव्हेंबरात थॅचरबाई गेल्या, १९९३मध्ये त्या कराच्या जागी कौन्सिल टॅक्स आला. १९९९च्या कायद्यानं वंशपरंपरेच्या लॉर्डांपैकी ९२ सोडून बाकीच्यांना घरी पाठवलं, तेव्हा आमच्या कचेरीत कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.

५. वर जाण्याआधी खाली पडलेल्यांची गोष्ट ऐका

न्यूकॅसलमध्ये कुणी नवा नेता फार चमकू लागला की जुनी माणसं टी. डॅन स्मिथचं नाव काढतात. १९६० ते ६५ तो कौन्सिलचा नेता होता. शहराला उत्तरेची ब्राझिलिया करीन म्हणायचा. बोलणं तेजस्वी, झपाटा विलक्षण. वास्तुविशारद जॉन पोल्सन याच्याशी असलेल्या आर्थिक व्यवहारांत तो अडकला आणि १९७४मध्ये भ्रष्टाचारासाठी तुरुंगात गेला. बीचम यांच्या पिढीनं कारभार हाती घेतला तो या सावलीत. आज इथे सदस्यानं स्वतःचे आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात, विषय निघाला की सांगावं लागतं, प्रसंगी खोलीबाहेर जावं लागतं. लॉर्डसभेतही बोलायला उठलेला माणूस आधी हितसंबंध जाहीर करतो. कौन्सिलांविषयी चर्चा असली की गंमत येते. एकामागून एक उठतात आणि आपण स्थानिक प्राधिकरणांच्या संघटनेचे उपाध्यक्ष आहोत असं जाहीर करतात. इतके उपाध्यक्ष एका छताखाली आपल्या साहित्य संमेलनातही सापडायचे नाहीत.

६. समोरच्या बाकावरचा माणूस पुन्हा भेटणार आहे

२००४ साली मजूर पक्षानं न्यूकॅसल गमावलं. तीस वर्षांची सत्ता गेली आणि लिबरल डेमोक्रॅट आले. २००६पासून त्यांचे नेते होते जॉन शिपली. २०१०मध्ये बीचम लॉर्ड झाले आणि त्याच वर्षी शिपलीही. एकाच कौन्सिलच्या दोन बाजू, दोघे लंडनला, आणि तिथेही समोरासमोर. कारण शिपलींचा पक्ष तेव्हा आघाडी सरकारात होता आणि बीचम विरोधात. कौन्सिलात अनेक वर्षं ज्याच्याशी भांडलात त्याच्याशीच पुढची दहा वर्षं भांडायचं असेल तर भाषा जपून वापरलेली बरी.

७. जिना मतांचा नाही

इथे माझी तक्रार आहे आणि ती मी लपवत नाही.

दार ठोठावून, मतं मिळवून, समित्या चालवून माणूस कौन्सिलचा नेता होतो. तिथून लॉर्डसभेत जायला मात्र एकही मत लागत नाही. लागते ती पक्षनेत्याच्या यादीतली जागा. यादी पंतप्रधान राजाकडे पाठवतात. २०००पासून एक नेमणूक आयोग आहे. तो पक्षांच्या नावांची चौकशी करतो, पण कोण लायक हे ठरवत नाही. बीचम १९७०मध्ये टाइनमथमधून खासदारकीला उभे राहिले आणि हरले. त्यानंतर वेस्टमिन्स्टरला पोचायला त्यांना चाळीस वर्षं लागली, तीही नेमणुकीनं.

मधली एक पायरी मात्र खरी आहे. १९९७मध्ये कौन्सिलांच्या तीन संघटना एकत्र येऊन इंग्लंड-वेल्ससाठी एक मोठी संघटना झाली. तिचे पहिले अध्यक्ष बीचम, २००४पर्यंत. तिचं काम सरकारपुढे बसून सगळ्या कौन्सिलांच्या वतीनं पैशांसाठी घासाघीस करायचं. मंत्र्यांना तोंड तिथे दिसतं. नंतरचे तिचे अध्यक्षही पुष्कळ वेळा लॉर्डसभेत गेले: केंट परगण्याचे सँडी ब्रूस-लॉकहार्ट, ब्रॅडफर्डच्या मार्गारेट ईटन, साउथ हॉलंडचे गॅरी पोर्टर. हे पोर्टर मूळचे गवंडी, विटा रचणारे. घरबांधणीवर ते बोलतात तेव्हा वीट किती रुपयांना पडते हे त्यांना विचारावं लागत नाही. (रुपये माझे, सवय जात नाही.)

आपल्या महाराष्ट्रात पाहा. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मत देतात आणि आपला माणूस वर पाठवतात. त्या निवडणुकांत काय काय चालतं, मतदारांना सहलीला कुठे नेतात, ते मी माहेरी पुरेसं ऐकलं आहे आणि त्याची भलामण करणार नाही. पण तत्त्व घटनेत आहे: गावाचा कारभार पाहणाऱ्यांना वरच्या सभागृहात हक्काची जागा. ब्रिटनमध्ये बिशपांना २६ जागा हक्कानं आहेत आणि कौन्सिलांना एकही नाही. लॉर्डसभा सुधारण्याच्या गोष्टी शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. माझं मत विचाराल तर पहिली सुधारणा हीच हवी.

८. झगा भाड्यानं मिळतो

प्रवेशाचा सोहळा पाहण्यासारखा असतो. लाल झगा, त्याला पांढऱ्या फरची किनार, दोन्ही बाजूंना आधीचे दोन सदस्य, पुढे गार्टर किंग ऑफ आर्म्स नावाचा पत्त्यांमधल्या राजासारखा सजलेला अधिकारी. नियुक्तीपत्र वाचतात, शपथ होते, सभापतीशी हस्तांदोलन, संपलं. पाच-सात मिनिटं. झगा विकत घ्यावा लागत नाही, भाड्यानं मिळतो. पगार नाही. हजर राहिलं तर दिवसाचा भत्ता. बीचम गेले त्या वर्षी तो ३०० पौंड ठरला होता.

या सोहळ्यात मला सगळ्यात आवडतं ते नावापुढे येणारं गाव. बीचम यांच्या पदवीत न्यूकॅसलच्या आधी बेनवेल आहे. श्रीला फ्लॅदर यांच्या पदवीत विंडसर आणि मेडनहेड. त्या लाहोरच्या, जन्म १९३४चा. १९७६मध्ये विंडसर-मेडनहेडच्या नगरसेविका झाल्या, दहा वर्षांनी तिथल्या महापौर, १९९०मध्ये लॉर्डसभेतल्या पहिल्या आशियाई स्त्री सदस्य. साडी नेसून बसायच्या. १९५८च्या कायद्याआधी त्या सभागृहात स्त्रीला बसताच येत नव्हतं हे लक्षात घेतलं तर त्या साडीचं मोल कळतं. २०१४मध्ये या सभागृहात निवृत्तीची कायदेशीर सोय झाली; त्याआधी एकदा लॉर्ड म्हणजे मरेपर्यंत लॉर्ड.

९. वॉर्ड सोडू नका

वर गेल्यावर काय करायचं याची दोन उत्तरं मी पाहिली. शॅरन टेलर १६ वर्षं स्टीव्हनेजच्या नेत्या होत्या. २०२२मध्ये लॉर्डसभेत गेल्या, नेतेपद सोडलं, आणि २०२४मध्ये स्थानिक कारभाराच्याच खात्यात मंत्री झाल्या. ते उत्तर चुकीचं नाही. मंत्र्याला शनिवारच्या खुर्चीत बसायला वेळ कुठला.

मला भावतं ते दुसरं. विगनचे पीटर स्मिथ १९९९मध्ये लॉर्ड झाले आणि २०१८पर्यंत विगन कौन्सिलचे नेतेही राहिले. बीचम नेते उरले नव्हते, पण बेनवेलचे नगरसेवक राहिले. न्यूकॅसल ते लंडन रेल्वेनं तीन तास. सोमवारी दक्षिणेला जाऊन कौन्सिलांच्या अनुदानावर बोलायचं, आणि आठवड्याच्या शेवटी त्याच अनुदानाला लागलेल्या कात्रीनं कुठली लायब्ररी बंद होतेय ते वॉर्डात येऊन ऐकायचं. २०१०नंतरची ती वर्षं इथल्या कौन्सिलांसाठी भयंकर होती. केंद्राचं अनुदान दर वर्षी घटत होतं. लॉर्डसभेत त्या कपातीला ‘कार्यक्षमता’ म्हणणारे पुष्कळ होते. शनिवारी तोंडं पाहिलेला माणूस तो शब्द सहज उच्चारू शकत नाही.

आणि शेवटी क्रम कसा लागला पाहा. २०२१मध्ये बीचम लॉर्डसभेतून निवृत्त झाले. बेनवेलचं नगरसेवकपद त्यांनी सोडलं २०२२मध्ये, ५५ वर्षांनी. आधी लॉर्डसभा, मग वॉर्ड.

ज्या रिपननं १८८२मध्ये हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तोही व्हाइसरॉयपद भोगून परतल्यावर १८९५-९६मध्ये यॉर्कशरातल्या रिपन या आपल्या गावाचा महापौर झाला होता. शाळेतल्या पाच गुणांच्या उत्तरात हे कुणी लिहीत नाही.

१०. हे आपल्यासाठी

इथल्या मराठी मंडळांमध्ये गणपतीला पाहुणा म्हणून लॉर्ड मिळाला तर कार्यकारिणीला आनंद होतो. फोटो निघतात, सांगलीला-साताऱ्याला पाठवले जातात. त्याच गणपतीच्या हॉलमध्ये उभं राहून ‘तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?’ असं मी विचारते तेव्हा लोक चहाकडे वळतात. आपली माणसं इथे डॉक्टर आहेत, संगणकातली आहेत, घरं मोठी आहेत, मुलं चांगल्या शाळांमध्ये आहेत. पण मे महिन्यातल्या त्या गुरुवारी रांगेत मराठी ऐकू येत नाही. बहुतेकांचा समज असा की ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय मत नाही.

तसं नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदवता येतं, आणि कौन्सिलच्याच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर कौन्सिलला उभंही राहता येतं. लॉर्डसभेचं सदस्यत्वदेखील राष्ट्रकुलातल्या नागरिकाला खुलं आहे, पण त्याची घाई नको. आधी नाव नोंदवा; कौन्सिलच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा, पैसे लागत नाहीत. २०२३पासून इंग्लंडात मतदान केंद्रावर ओळखपत्र दाखवावं लागतं. तिथे भारतीय पासपोर्ट चालतो.